फुंकर

काल पिंजऱ्यांवर थापलेला मासळीचा लगदा तसाच पडून होता.

थॉर्किल्ड ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला. या त्याच्या राखलेल्या मिंक माद्या, पुढच्या विणीसाठी निवडलेल्या. मिंक म्हणजे मुंगसाएवढं जनावर, पण खादाड इतकं, की बादली वाजली की जाळीवर उड्या. आज एकही उठली नाही. त्यांतली सगळ्यांत देखणी मादी जाळीला टेकून तोंड उघडं टाकून धापा टाकत होती.

समोरच्या ओळीत मात्र दंगल उसळली होती. ती यंदा कातड्यासाठी जाणारी. त्यांनी लगदा केव्हाच फस्त केला होता.

उत्तर डेन्मार्कातल्या त्या गावात आता सगळ्यांना ठाऊक होतं, एका शेडमध्ये कोरोना सापडला की अख्खा कळप मारायचा. गेल्या आठवड्यात शेजारच्या प्रेबेनकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि संध्याकाळी त्याच्या शेडमधून साधी खुडबुडही ऐकू येईना. आणि इथे थॉर्किल्डचं तीस वर्षं जोपासलेलं वाण!

"काय झालं रे?" त्याची बायको गुड्रुन कॉफी घेऊन दारात उभी होती. दम्यामुळे ती शेडचा उंबरा ओलांडत नसे. तिच्या बोटाला पट्टी होती.

"प्रेबेनकडनं आलंय हे! नाहीतर त्या खाण्याच्या गाडीवाल्याकडनं. मेला गाडीतून उतरून इकडेतिकडे हात लावतो."

"काय आलंय? आणि आज एवढी घाण कसली मारतेय? डोळ्यांतून पाणी यायला लागलं."

थॉर्किल्डने नाकाने जोरात श्वास ओढला. मग पुन्हा ओढला. ज्या वासापायी पोस्टमन फाटकावरूनच पळ काढायचा, तो वास कुठेच नव्हता. तो घाईघाईने दाराकडे गेला आणि तिच्या हातातल्या कॉफीवर वाकला. गरम वाफ नाकाला लागली, नुसती वाफ.

"मागे हो, गुड्रुन," तो म्हणाला.

ती हलली नाही. "तू तर मास्क लावून काम करतोस ना?"

"प्रतवारी करताना नव्हता."

"थॉर्किल्ड!"

"मास्क लावून फुंकर कशी घालणार? जनावर उजेडात धरायचं, पाठीवर फुंकायचं, केस दुभंगले की खालची लव दिसते. माझा बाप तसंच करायचा, त्याचा बापही. आठवडाभर तेच तर करतोय."

"म्हणजे सगळ्यांवर फुंकलास?"

"नाही गं, हलका माल नुसत्या नजरेलाच कळतो." त्याने त्या सुस्त पडलेल्या ओळीकडे पाहिलं. "ज्या ठेवायच्या, फक्त त्यांच्यावर."

गुड्रुनने कप उंबऱ्यावर ठेवला. ठेवताना कॉफी सांडली, ती तिने पुसली नाही.

"परवा माझं बोट भाजलं होतं," ती म्हणाली, आणि एप्रनच्या खिशात दम्याचा पंप चाचपू लागली.