पिठाचा डबा

ओट्यावरचा डाग काढायला सुनेने लिंबू घासलं. डाग गेला, पण संगमरवराची चकाकीही गेली. सासरे तर पाहुण्यांना आधी हा ओटा दाखवायचे, मग बसा म्हणायचे! चट्टा झाकायला पिठाचा डबा बरा होता, पण त्याला सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. तिने बरणी ठेवली. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कुणी स्वयंपाकघरात वळलं की "थांबा, मी देते," म्हणत धावायची.

आज सासूबाईंनी बरणी उचललीच.

"लिंबू?"

तिने मान खाली घातली.

सासूबाईंनी दाराकडे नजर टाकली आणि पिठाचा डबा हळूच सरकवला. खाली तसाच चट्टा.

"माझं व्हिनेगर सांडलं होतं. अगं, झाकायचं तर जड काहीतरी ठेवावं. बरणी काय, कुणीही उचलतं."