धुऱ्यावरची तूर

वनरक्षक भरतीच्या पेपरात एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं दिसली आणि रिताने पेन खाली ठेवलं. मागचे दोन्ही पेपर याच चित्रांनी बुडवले होते. गावातली पन्नास घरं धान किंवा तूर पिकवतात. धानवाली चाळीस, तूरवाली तीस. दोन्ही पिकवणारी किती? बेरीज सत्तर आली. वरची वीस घरं कुठून आणायची? तिला गावचं घरचं शेत आठवलं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची तूर बाबा आणि शेजारचे ईश्वरकाका दोघंही आपल्यातच धरायचे, त्यावरून तीन वर्षांपासून अबोला होता. आई वैतागून म्हणायची, "तूर वाढली नाही, दोघंबी तेच झाड दोनदा मोजून राहिले." रिताने वर्तुळांच्या मधल्या पट्टीत वीस लिहिले. पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकाबाहेर बाबांनी भीतभीत विचारलं, "कसा गेला?" "धुऱ्यावरची अर्धी तूर काकाले देऊन टाका, बाबा. आजचे मार्क तिनंच देल्ले."