नऊच्या आत

"तुझा विश्वास बसणार नाही, दानूता, पण दोन फूट बर्फ मी एकट्यानं उपसला! फावड्यानं असा भिरकावत होतो, की समोरच्यांना वाटलं पुन्हा वादळ आलं. त्यांनी पोरांची शाळा बुडवली!"

काझिमिर म्हातारा बोलत होता खरा, पण त्याचा एक डोळा दाराकडे होता. लेक कोट न उतरवताच बसली होती. घरापुढचा फूटपाथ सकाळी नऊच्या आत मालकानं साफ करायचा, हा बफेलो शहराचा नियम. या हिवाळ्यात पालिकेच्या दोन नोटिसा येऊन गेल्या होत्या. तिसरी आली की घर विकायचं आणि बापाला वृद्धाश्रमात ठेवायचं, असं दानूतानं फोनवर बजावलं होतं. आज ती जातीनं बघायला आली होती.

खरी गोष्ट अशी, की काझिमिर आठला उठला तेव्हा फूटपाथ आधीच लख्ख होता. वर मीठसुद्धा पसरलेलं.

हे काम शेजारच्या ओफीलियाचं, दुसरं कोण करणार? पण का? बर्फातून उकरलेल्या पार्किंगच्या जागेवर हक्क सांगायला खुर्ची कुणी ठेवायची, यावरून दोघांचा तीन वर्षं अबोला. पालिकेत चुगली केली ती हिनंच, याची म्हाताऱ्याला खात्री होती. असली बाई फुकट फावडं उचलेल? छे! ऐन वेळी येऊन लेकीपुढे बोंब मारणार, म्हाताऱ्याला झेपत नाही, सगळं मी केलं.

दार वाजलं. धापा टाकत ओफीलियाच उभी!

"या काकू," दानूता म्हणाली. "बरं झालं आलात. फूटपाथ कुणी साफ केला, पाहिलंत तुम्ही?"

ओफीलियानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"कुणी म्हणजे? ह्या मेल्यानंच! पहाटेपासून नुसतं खरवड खरवड. माझ्या झोपेचं खोबरं केलं. वर विचारल्याशिवाय माझ्याही पायऱ्या झाडल्या, आगाऊ कुठला!"

काझिमिरचा वासलेला आ मिटेना.

दानूतानं अंगातला कोट उतरवला.

"काकू, सहा वाजता येऊन फूटपाथ मी साफ केला, तरी तुम्ही बाबांना सांभाळून घेतलंत," ती म्हणाली. "आणि मला वाटत होतं, बाबा इथं एकटे पडलेत."