खिडकीतल्या बाटल्या

हात धरून ज्याला बिअर करायला शिकवलं, त्या धाकट्या भावाची सोनेरी इंग्लिश एल बिअर सलग तीन वर्षं घरगुती बिअरच्या स्पर्धेत पहिली आली, आणि टाळ्या वाजवता वाजवता थोरल्याचा नुसता जळफळाट झाला. त्याच्या स्वतःच्या बिअरला कधी उत्तेजनार्थही मिळालं नाही. यंदा तर त्याने नादच सोडला.

धाकट्याला कामातून निघता येईना, म्हणून तो आपल्या बाटल्या आणि नावाचं बंद पाकीट स्पर्धेला न्यायला थोरल्याकडे ठेवून गेला. "दादा, ऊन लागू देऊ नकोस हं, लगेच वास मारते. आणि पाकीट तिथेच उघडू दे, गंमत आहे."

थोरल्याने त्या पारदर्शक काचेच्या बाटल्या आठवडाभर खिडकीत, भर उन्हात मांडून ठेवल्या.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक बाईंनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "रंग झकास आहे, पण हिला ऊन लागलंय हो. शेवटचा नंबर."

थोरल्याला आतून कसं गारगार वाटलं.

मग बाईंनी पाकीट फोडलं.



बनवणाऱ्याच्या रकान्यात, धाकट्याच्या वळणदार अक्षरात, थोरल्याचं नाव होतं.