बादलीभर पाणी

"ह्या विटांची भिंत उभी राहिली, तर मी या घरात राहायची नाही. लेकीकडे जाईन," सासू शांतपणे म्हणाली आणि अंगणातल्या विटांच्या थप्पीकडे पाठ करून बसली.

सुनेनं थप्पीवरची धूळ झटकली. मागची भिंत पडल्यापासून दोघी ताडपत्रीच्या आडोशाला झोपत होत्या. विटा सून कामाला जायची त्याच कारखान्यातल्या. सूत रंगवून उरलेलं पाणी तिथे हौदात साठतं. तळाचा गाळ पूर्वी गाडीत भरून कुठेतरी ओतून यायचे. आता तो वाळवतात, मातीत मळतात, भट्टीत भाजतात. मळणाऱ्या हातांत दोन हात तिचे. नवरा तोच हौद साफ करायला उतरला होता आणि वर आला नाही. त्याच्या जागी तिला घेतलं होतं.

"काय ठरलं, वहिनी?" गवंड्यानं विचारलं. वाळू-सिमेंटचा ढीग कोरडाच मिसळून तो केव्हाचा खोळंबला होता. "वीट वाईट नाही हो आजी. खणखणीत आहे."

"माझा मुलगाही खणखणीत होता."

गवंडी थापीला चिकटलेलं जुनं सिमेंट खरवडू लागला.

"रोज त्याचा सदरा धुवायचे मी," सासू सुनेला म्हणाली. "कितीही पाण्यांतून काढला तरी बादली निळीच. तो रंग आता माझ्या उशाशी आणून रचतेस?"

"रंग सुटत नाही आई यातून."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मीच मळते ना."

सासू उठली. मोरीतली बादली आणली, तीच, वाकलेल्या कडीची. भरली. थप्पीतली एक वीट उचलून, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी अलगद पाण्यात सोडली. विटेनं बुडबुडे सोडले. सासू शेजारी बसून राहिली.

"एकेकीची अशी परीक्षा घेतलीत आजी, तर भिंत माझा नातू बांधेल," गवंडी म्हणाला. ती हसली नाही, पण रागावलीही नाही.

ऊन सरकत पडक्या भिंतीच्या पायापर्यंत गेलं. बुडबुडे थांबले. सासूनं बादलीत हात घातला, विटेवर अंगठा घासला, मग तो उन्हात धरून पाहिला. सून पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती.

अंगठा कोरा होता. बादलीच्या तळावरचे ओरखडे स्वच्छ दिसत होते.

"हिनं काही सोडलं नाही गं," सासू म्हणाली. "सगळं आत धरून बसली. तुझ्यासारखी."

सुनेनं मुठीतलं पदराचं टोक सोडलं.

सासू घरात गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात सदरा होता. नवऱ्याचे सगळे कपडे देऊन टाकले तेव्हा हाही गेला, असंच सून समजून होती. तिनं तो गादीखालीसुद्धा शोधला होता. विचारलं मात्र कधी नव्हतं.

तो धुतलेला नव्हता.

सासूनं वीट बाहेर काढली आणि सदरा बादलीत बुडवला. चोळला नाही. तळव्यानं एकदाच दाबला. निळा रंग धुरासारखा वर आला आणि काठापर्यंत पसरला. तिनं सदरा पिळून सुनेच्या हातात दिला आणि बादली उचलून गवंड्यासमोर ठेवली.

"माल ह्यात कालवा."

"आजी, मालाला स्वच्छ पाणी लागतं."

"स्वच्छच आहे."

गवंड्यानं सुनेकडे पाहिलं. तिनं ओला सदरा खांद्यावर टाकला, त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि ढिगाच्या मधोमध खळगा केला.

सासूनं बादली तिरकी केली.