टेकडी की नदीकाठ

बस गावात शिरली तरी नवरा-बायकोचा वाद मिटला नव्हता. बायकोचं म्हणणं, खोली टेकडीवरच घ्यायची. मोठी स्नानगृहं तिथं, मोकळा वारा तिथं, दुकानं तिथं. मास्तरांचं म्हणणं, नदीकाठी.

"पाणी काय, नदीकाठच्या जुन्या कुंडातही तेच आहे," मास्तर म्हणाले. "आणि चढ कोण चढणार? गुडघे माझे दुखतात की तुझे?"

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मभर मशीन हाकून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, आणि डॉक्टरांनी काही दिवस या गावच्या गरम झऱ्यांत शेकायला सांगितलं होतं. गाव कोणतं, यावर भांडायला जागा नव्हती, म्हणून दोघं वस्तीवरून भांडत होती.

तशी ही मास्तरांची जुनी खोड. बायकोनं पूर्व म्हटलं की यांची गाडी पश्चिमेला. तिनं भिंतींना पिवळा रंग म्हटला आणि घर निळं झालं. तिनं छत्री न्या म्हटलं की हे हमखास भिजून येत.

पण या वेळी खोडीच्या आड खरं कारण होतं, आणि ते मास्तर कुणाजवळ बोलणार नव्हते. टेकडीवर त्यांची मुलगी राहत होती. 'टेकडीवर बिऱ्हाड केलंय म्हणे पोरीनं,' असं बायको एकदा कपडे वाळत घालता घालता बोलून गेली होती. मास्तरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि नेमकं तेवढं लक्षात ठेवलं.

मुलीनं एका ड्रायव्हरशी लग्न ठरवलं, तेव्हा ती निळं रेशमी कापड घेऊन दुकानात आली होती. लग्नाचा ब्लाऊज तुम्हीच शिवा, एवढंच म्हणाली. मास्तरांनी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिला सांगितलं, "इथं तुझं माप घेतलं जाणार नाही." आणि टेप उचलून ते एका परक्या मुलीचं माप घ्यायला लागले. कापड काउंटरवर ठेवून मुलगी गेली ती गेलीच. आख्ख्या गावच्या लेकींचे लग्नाचे कपडे ज्यांनी शिवले, त्यांची लेक परक्याच्या हातचं घालून लग्नाला उभी राहिली. ते आठवलं की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. त्या टेकडीवर कुठल्या तोंडानं जायचं?

तेव्हा ते नदीकाठी उतरले.

तिथंही बायकोला एक ऐसपैस गॅलरीवालं घर पसंत पडलं. समोरच्या हिरव्या दाराकडे बघून तिनं नाक मुरडलं. "ते तर नकोच बाई. रंगाचे नुसते पोपडे निघालेत." मास्तर सरळ जाऊन हिरव्या दारात उभे राहिले.

घरमालकीण म्हातारी होती. तिनं बायकोकडे एकदा बघितलं आणि लगबगीनं खोली दाखवायला निघाली. घरात ती, फिरतीवर असणारा मुलगा, सून आणि लहानगी नात. सून टेकडीवरच्या स्नानगृहात कामाला. उजाडायच्या आत जायची आणि पाहुणे झोपल्यावर परतायची.

खोली मात्र झकास निघाली. पलंग चांगला उंच, उठताना गुडघ्यांना त्रास नाही. न्हाणीत बसायला स्टूल ठेवलेलं. चहासुद्धा मास्तरांना लागतो तसा, बिनसाखरेचा.

"बघ," मास्तर घोटाघोटाला म्हणत, "तुझं ऐकलं असतं तर?"

बायको गप्प राही. हरलेलं माणूस गप्पच बसतं, असं मास्तरांना वाटे.

नातीशी त्यांची गट्टी जमली. तिच्या बाहुलीला त्यांनी घरातल्या जुन्या चिंध्यांचा झगा शिवला. मग ती म्हणाली, आता माझं माप घ्या. टेप लागला की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती खिदळत दूर पळायची. आपल्या पोरीला मूल झालं असेल तर एवढंच असेल, हे मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांचा हात थांबला. परक्या पोरींची मापं घ्यायला हे हात नेहमीच तयार. त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं. नात अंगणात खेळत होती, आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मास्तर पलंगावर बसले. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीच्या तळातून एक पुडकं काढून बायकोपुढे धरलं. आत निळा रेशमी ब्लाऊज होता.

"ती गेली त्याच आठवड्यात शिवला. जुन्या मापावर," ते म्हणाले. "द्यायची हिंमत झाली नाही. टेकडी नको म्हणत होतो ते गुडघ्यांसाठी नव्हे. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, अजून वाटते. पण चल, वर जाऊ. ती दारात घेवो न घेवो. पहिल्या दिवशीच तुझं ऐकून टेकडीवर राहिलो असतो, तर एव्हाना भेट तरी झाली असती."

बायको त्या ब्लाऊजवरून हात फिरवत राहिली. तिनं पदरानं डोळे टिपले.

"माझं ऐकलं असतंत," ती म्हणाली, "तर भेट चुकलीच असती."

मास्तरांना काही उमगेना. आतली भांडी वाजायची थांबली होती.

"ते माप आता मला व्हायचं नाही, बाबा," स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आवाज आला. "नवीन घ्या."