लाल झेंडी

घनसावंगीच्या शाळेत सुमेधा मॅडमनी रस्ता सुरक्षा पथक काढलं आणि सातवीतल्या नाजियाच्या हाती लाल झेंडी दिली. पोरगी कामाला चोख. पण उसाचा एक ट्रॅक्टर आला, की सगळी पोरं पलीकडे गेली तरी ती झेंडी खाली घेईना. मागं जीपवाले हॉर्न वाजवून हैराण.

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "त्यालाच का गं अडवून ठेवतेस?"

"अब्बा आहेत, मॅडम. कारखाना सुरू झाल्यापासून मी उठायच्या आत जातेत, झोपल्यावर येतेत."


दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर थांबला, तशा मॅडम स्वतःच रस्ता ओलांडायला निघाल्या. इतक्या सावकाश, की जीपवाल्यांना वाटलं, बाईंचे गुडघे धरलेत.